आवाज बंद करून बघा

‘म्युझिक व्हिडिओत बाईला शोभेची वस्तू करतात ही नुसती ओरड आहे. त्या आपल्या मर्जीने नाचतात, पुरुषही उघड्या अंगाने दिसतात, दिग्दर्शन कित्येकदा बायकाच करतात आणि लोकांना हेच हवं असतं,’ असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. तो मला पटत नाही.

मर्जीचं आधी. नाचणारीला कुणी नावं ठेवलेली नाहीत. ती नाचते, पण त्यातलं काय दाखवायचं हे कॅमेरा आणि संकलन ठरवतं. आक्षेप तिथे आहे.

पुरुषही उघडे असतात, खरंय. पण आवाज बंद करून एखादा व्हिडिओ बघा. गायकाने शर्ट काढलेला असला तरी त्याचा चेहरा फ्रेममध्ये असतो, तो थेट आपल्या डोळ्यांत बघून गातो. बाईवरचा शॉट कमरेपासून वर सरकतो आणि चेहरा यायच्या आत कट होतो. मग पाय, मग पाठ. गाणं संपलं तरी ती कोण होती हे सांगता येत नाही. ब्रिटिश गायक रॉबर्ट पामरच्या ‘ॲडिक्टेड टू लव्ह’ या गाण्याच्या १९८६ च्या व्हिडिओत तर त्याच्यामागे उभ्या असलेल्या बायकांचे चेहरे दिसतात, पण सगळे एकसारखे रंगवलेले. सारखेच काळे कपडे, सारखेच लाल ओठ, हातात वाद्यं. आणि त्या वाजवणाऱ्या नव्हेत, मॉडेल. अंग किती झाकलंय यावर सगळं मोजणाऱ्यांना हे दिसतच नाही.

(पुरुषाच्या वाट्याला तरी काय येतं? गाडी, पैसा आणि गुर्मी. तोही अन्यायच.)

आता दिग्दर्शिका. रॉबिन थिक या गायकाच्या ‘ब्लर्ड लाइन्स’ या गाण्याच्या २०१३ च्या व्हिडिओची दिग्दर्शिका डायान मार्टेल ही बाईच. तरीही त्यात पुरुष अंगभर कपड्यांत आणि मॉडेल जवळजवळ विवस्त्र. दिग्दर्शक बदलला म्हणून वर्षानुवर्षांची चौकट आपोआप बदलत नाही. ती मोडायची ठरवावी लागते. गायिका टेलर स्विफ्टने २०२० मध्ये आपल्या ‘द मॅन’ या गाण्याचा व्हिडिओ स्वतः दिग्दर्शित केला, त्यात पुरुषाचं सोंग घेऊन त्याची मिजास उघडी पाडली आणि दिग्दर्शनाचा एमटीव्ही पुरस्कारही मिळवला.

राहता राहिलं ‘लोकांना हेच हवं’. व्ह्यूजचा आकडा किती वेळा बघितलं ते सांगतो, कशासाठी ते सांगत नाही. चालीसाठी आलेला, स्क्रीनकडे न बघता नुसतं गाणं ऐकणारा माणूसही त्याच आकड्यात धरला जातो.