‘एनओसी घेतली की विषय संपला’ म्हणे!

चवथीच्या आधीपासून एक मेसेज फिरतोय. मला तो चार ग्रुपांवरून आला, त्यातला एक आमच्याच फोंड्यातल्या सोसायटीचा. मजकूर थोडक्यात असा: गृहकर्ज मुदतीआधी बंद करताना कापलेला फोरक्लोजर चार्ज परत मागता येत नाही. करारावर तुमची सही असते. कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तर दंड भरावाच लागतो. एनओसी (कर्ज फिटल्याचा ना-हरकत दाखला) घेतली की जुन्या बँकेशी संबंध संपतो. आणि असे पैसे परत मिळतात ते इंग्लंडात, आपल्याकडे तसा नियमच नाही.

शेवटापासून सुरुवात करतो, कारण तिथेच सगळ्यात मोठी थाप आहे. इंग्लंडातल्या स्विंडनला गोव्याची माणसं इतकी आहेत की तिथली बातमी इथे पोचायला वेळ लागत नाही. वाटेत तिचं शेपूट तेवढं तुटतं. तिथे वाद होता तो कर्ज बंद करतानाच्या कागदपत्रांच्या फीचा. करारात लिहिलेली फी सावकारांनी मधेच वाढवली होती. जानेवारी २००७ मध्ये तिथल्या फायनान्शियल सर्व्हिसेस ऑथॉरिटीने, म्हणजे सावकारांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाने, त्यावर बोट ठेवलं आणि लोकांना जादा घेतलेला फरक परत मागता आला. मुदतीआधी फेडल्याचा दंड मात्र तिथे आजही कायदेशीर आहे. आपल्याकडे फ्लोटिंग, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या, दराच्या गृहकर्जावर तो दंडच बंद आहे: हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ऑक्टोबर २०११ पासून नॅशनल हाउसिंग बँकेने मनाई केली, बँकांना ५ जून २०१२ रोजी रिझर्व्ह बँकेने. म्हणजे या एका बाबतीत आपणच पुढे.

सहीचा मुद्दा ऐकायला भारदस्त वाटतो. पण नियामकाने जे घ्यायला मनाई केली आहे, ते करारात छापून घेतलं म्हणून घेता येत नाही. सही महत्त्वाची ठरते ती फिक्स्ड, म्हणजे ठरलेल्या, दराच्या कर्जात. तिथे करारात दंड असेल तर बँक तो मागू शकते. काही कर्जं पहिली दोन-तीन वर्षं फिक्स्ड आणि पुढे फ्लोटिंग असतात. त्यात फेडलं त्या दिवशी दर कोणता होता ते पाहायचं. म्हणून आधी सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) शोधा, भांडण नंतर. घर तारण ठेवून कळंगुटला गेस्ट हाऊस काढलं असेल तर गोष्ट वेगळी, कारण धंद्याच्या कर्जाला ही सूट नव्हती. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांपुरती ती बऱ्याच सावकारांकडे व्यक्तींना आणि लहान उद्योगांनाही लागू झाली आहे.

दुसऱ्या बँकेत नेलं तर दंड, हे कुठून आलं असेल? माझा अंदाज सांगतो. ऑक्टोबर २०१० मध्ये हाउसिंग फायनान्स कंपन्यांसाठी पहिला आदेश निघाला, त्यात ‘स्वतःच्या पैशातून फेडलं तर दंड नाही’ अशी अट होती. वर्षभरातच फ्लोटिंग कर्जापुरती ती अट गेली. पैसे कुठून आणले हे आता कुणी विचारायचं नाही. अट गेली, पण काउंटरवरच्या तोंडातून गेली नाही.

आमच्या शेजारच्या वहिनींना गेल्या वर्षी नेमकं हेच ऐकवलं. १८ लाख शिल्लक, फ्लोटिंग दर, कर्ज दुसरीकडे न्यायचं होतं. हाउसिंग फायनान्स कंपनीने २ टक्के म्हणजे ३६,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ६,४८०, असे ४२,४८० मागितले. वहिनींनी भरले. का भरले म्हणून त्यांना नावं ठेवू नका. मूळ विक्रीखत कंपनीच्या कपाटात, नव्या बँकेची घाई मानेवर. अशा वेळी कोण नियम काढून बसतो? (कागदांबद्दलही नियम आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे. सावकारामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.)

आता एनओसी. हा कागद नीट वाचा. आमचं तुमच्याकडून काही येणं नाही, असं त्यांनी तुम्हाला लिहून दिलेलं असतं. तुमचं त्यांच्याकडून काही येणं नाही, असं तुम्ही कुठे लिहून दिलंय?

वहिनींनी कंपनीला पत्र धाडलं: कर्ज खातं क्रमांक, फेडल्याची तारीख, कापलेली रक्कम, सँक्शन लेटरची प्रत, २०११ च्या आदेशाचा उल्लेख. महिनाभर उत्तर नाही. मग नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार केली. सावकार बँक असती तर ३० दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेल्या असत्या. तिथे फी लागत नाही, आणि एजंटही लागत नाही. मेसेजखाली ज्यांनी आपले नंबर टाकलेत त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. पतसंस्थेचं कर्ज असेल तर मात्र हे आदेश लागू नाहीत. ते प्रकरण सहकारी संस्था निबंधकांकडे जातं.

एक गोष्ट मेसेजवाल्याला द्यायला हवी: उशिराची किंमत असते. ग्राहक आयोगात, म्हणजे उत्तरेकडच्यांना पर्वरी आणि दक्षिणेकडच्यांना मडगाव, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. सबळ कारण असेल तरच त्यापुढच्या उशिराला माफी. २०१४ मध्ये भरलेला दंड आज मागायला गेलात तर वाट कठीण. गेल्या वर्षीचा असेल तर ‘विषय संपला’ म्हणणाऱ्याला तारीख दाखवा.

वहिनींचे ३६,००० मागच्या महिन्यात खात्यात आले. जीएसटीचे ६,४८० कंपनीने परत दिले नाहीत, कारणही कळवलं नाही. त्यासाठीचं दुसरं पत्र परवा स्पीड पोस्टाने गेलं.