जुन्या बँकांच्या तड्यांत सिमेंट भरणं थांबवा

शहरांच्या आर्थिक पेठांतल्या जुन्या बँका बाहेरून अभेद्य वाटतात. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांतल्या अशा कित्येक इमारतींचा भार आतला पोलादी सांगाडा पेलतो. दगड त्याला अगदी चिकटवून बसवलेला असतो. पाणी तिथवर पोचलं की पोलाद गंजतं. गंज मूळ धातूच्या कितीतरी पट जागा व्यापतो आणि दगड बाहेर ढकलला जातो. सांगाड्याच्या खांबावर किंवा तुळईवर सरळ रेषेत गेलेला तडा दिसला, तर आधी गंजाचाच संशय घ्या.

तो तडा सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवून वर रंग फासायला माझा ठाम विरोध आहे. पाणी आत कोंडतं आणि गंज चालूच राहतो.

तपासणी गच्चीपासून सुरू करा. दर्शनी बाजू देखणी दिसावी म्हणून पन्हळी कठड्यामागे दडवलेल्या असतात आणि पावसाचे पाइप बऱ्याचदा भिंतीतच चिणलेले. त्यात कॅमेरा सोडून बघा. गळती थांबली नाही, तर पुढचा सगळा खर्च वाया.

मग तड्यापाशी एक-दोन चिरे काढून पोलाद किती झिजलंय ते मोजा. वरवरचा गंज असेल तर तो पूर्ण घासून जस्तयुक्त प्रायमर द्या. भाग पातळ झाला असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून मजबुतीचं गणित करून घ्या. चिरा परत बसवताना पोलाद आणि दगड यांत मोकळी जागा ठेवा, दगड धरून ठेवणारे जुने लोखंडी आकडे काढून 316 ग्रेडच्या, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या, स्टेनलेस स्टीलचे वापरा. दगड फार हलवायचे नसतील तर कॅथोडिक संरक्षण हा चांगला पर्याय आहे: सांध्यांत टायटॅनियमचे अॅनोड (प्रवाह सोडणारे धातूचे तुकडे) बसवून सांगाड्याला सौम्य विद्युतप्रवाह देतात. मात्र सांगाड्याचे सगळे भाग एकमेकांना विजेने जोडलेले हवेत. सुटा राहिलेला तुकडा उलट जास्त गंजू शकतो.

दर्जा भरताना, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे नव्याने भरताना, सांधा रुंदीच्या दुप्पट, निदान 25 मिलिमीटर खोल मोकळा करा. ग्राइंडरने चिऱ्यांच्या कडा उडतात, छिन्नीच बरी. मऊ दगडाला साधारण एक भाग हायड्रॉलिक चुना (पाण्यातही घट्ट होणारा) आणि तीन भाग वाळू पुरते. काही दिवस ओल्या गोणपाटाने झाकून ठेवा, नाहीतर चुना भुसभुशीत राहतो. सिमेंटच्या दर्जातून ओल बाहेर पडत नाही, ती दगडातून वाट काढते. क्षार दगडातच साचतात आणि पोपडे निघतात.

दगड साफ करायला सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) तर नकोच, दगडाचा वरचा थर कायमचा जातो. संगमरवर आणि चुनखडीला आम्लही लावू नका. आणि प्रत्येक टवका भरायलाच हवा असं नाही. न्यूयॉर्कच्या 23 वॉल स्ट्रीटवर, म्हणजे जे. पी. मॉर्गन बँकेच्या जुन्या इमारतीवर, 1920च्या बॉम्बस्फोटाचे व्रण मुद्दाम तसेच ठेवलेत. ज्या टवक्यात पाणी साचत नाही, त्याचे पैसे पन्हळींवर खर्च करा.