ऑक्टोबरमधे सांगितलं होतं ना मी!

पहाटे साडेपाचला सासूबाई बाथरूममधून ओरडतायत, "अगं, गरम येतंय का नाही?" नाही येत. गिझर बंद पडून तिसरा दिवस आहे आज. निफाडला पारा ५-६ वर आल्याचे मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतायत, इकडे नाशकात आम्ही पातेल्यात पाणी उकळून बादल्या भरतोय, आणि सिलेंडर किती दिवस पुरणार ते तर विचारूच नका.

पण माझं डोकं थंडीने नाही फिरलंय. मी गिझरवाल्याला ऑक्टोबरमधे फोन केला होता, दिवाळीच्या आधी! म्हटलं दादा आमचं बोरचं पाणी आहे, गिझर खोलून क्षार काढून द्या, मागच्या वर्षी ऐन डिसेंबरात कॉइल गेली होती. तर म्हणे, "ताई आत्ता कशाला, थंडी पडू द्या की, चालू आहे ना?" दिवाळीनंतर केला तर पोरं गावाला गेलीत. आणि काल फोन उचलून मलाच सुनावतोय, "सीझनमधे आम्हाला जेवायला टाईम नसतो ताई, तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं." आधी??? अजून किती आधी, गुढीपाडव्याला?

शेवटी दुसऱ्या एकाला अक्षरशः हातापाया पडून आणला. त्याने खालची प्लेट काढली आणि आतून पांढऱ्या खपल्या अशा पडल्या की बादलीच्या तळाला जाड पोहे सांडल्यासारखं वाटलं. कॉइल तर दिसतच नव्हती, नुसता चुन्याचा गोळा. आत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो, टाकी गंजू नये म्हणून टाकीऐवजी तो झिजतो, असल्या पाण्याला वर्षा-दोन वर्षांनी बदलायला लागतो. आमच्या रॉडची फक्त मधली तार उरलेली. चार वर्षं तो आधीचा गिझरवाला सर्व्हिसिंगचे पैसे घेऊन जातोय आणि असा काही रॉड असतो हे मला आज कळतंय! बरं आमचे हे, नॉब कायम फुल्ल, का तर पटकन तापतं. अहो पटकन नाही तापत, जास्त तापतं, आणि जितकं जास्त तापेल तितका क्षार जास्त बसतो. ५५-६० वर ठेवलं तरी आंघोळीला पुरतं, उलट वरून गार मिसळावं लागतं. पण ऐकतंय कोण.

खिडक्यांचं तर बोलतच नाही. स्लायडिंगच्या कडेची ब्रशसारखी पट्टी झडलीये, रात्रभर वारा शिट्ट्या मारतो, जुनी ओढणी कोंबून ठेवलीये फटीत.

आणि आता नवीन कॉइल सोमवारी मिळणार, कारण सगळ्या नाशिकच्या कॉइली याच आठवड्यात गेल्यात म्हणे.

शेजारच्या काकू म्हणतात, तुमच्याकडे सोलर आहे ना वर? आहे ना! मे महिन्यात माकडांनी त्याची एक नळी फोडली, एक फुटली की टाकीतलं सगळं पाणी तिथूनच वाहून जातं, तेव्हापासून बंद. जूनमधे सोलरवाल्याला सांगितलं तर पावसात गच्चीवर चढत नाही म्हणाला. आज परत फोन केला तर म्हणे, "मॅडम आता थंडीत ऊन कमी असतं, मार्चमधे बसवू ना मस्तपैकी."