हिरवळीला सुट्टी हवी, आणि ती कधी द्यायची हे माळीमामांनी ठरवावे

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या फुटबॉल क्लबांच्या व्हॉट्सॲप गटांवर स्पर्धांच्या तारखा येऊ लागतात. त्यात मला काही गैर वाटत नाही. उन्हाळाभर दगडासारख्या जमिनीवर गुडघे फोडून घेतलेल्या मुलांना ओल्या, मऊ मैदानाची ओढ असणारच. पण गेली सहा वर्षे मी कोथरूडजवळच्या एका मैदानाची हिरवळ राखण्याच्या कामात रोज सकाळचे दोन तास देत आहे आणि त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे मांडावीशी वाटते. पाणी किंवा खत कमी पडल्याने आपली मैदाने जेवढी बिघडतात, त्याहून कितीतरी जास्त ती ओली असताना खेळल्याने बिघडतात. आणि ओल्या मैदानावरचा खेळ थांबवण्याचा अधिकार, ज्याला त्या जमिनीची नाडी कळते त्या माळ्याकडे सहसा नसतो.

तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये दोन दिवस संततधार लागली होती आणि शनिवार-रविवारी सोळा संघांची स्पर्धा ठरली होती. शुक्रवारी संध्याकाळी आमचे मामा (मैदानावर लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणतात) छत्री घेऊन गोलपोस्टपुढे उभे होते. त्यांनी टाच दाबली, तर टाचेभोवती पाणी वर आले. "दादा, उद्या खेळवू नका, पार चिखल होईल," एवढेच ते म्हणाले. मी आयोजकांना फोन केला, पण ट्रॉफ्या आल्या होत्या, बाहेरगावचे संघ निघाले होते, पंच ठरले होते. स्पर्धा झाली. रविवारी संध्याकाळी दोन्ही गोलांपुढची जागा काळ्या मलमासारखी चोपडी दिसत होती, आणि त्यात हिरवे असे काही उरले नव्हते.

दिवाळीनंतर आम्ही एक इंची लोखंडी पाइप त्या जागी दहा-बारा सेंटिमीटर ठोकला आणि मातीची कांडी बाहेर काढली. वरचा चार सेंटिमीटरचा थर भाजलेल्या विटेसारखा घट्ट होता, त्याखालची माती निळसर करडी पडली होती आणि तिला तुंबलेल्या गटारासारखा वास येत होता. मुळे जेमतेम दोन सेंटिमीटर खाली जाऊन आडवी वळली होती. मग मामांनी तोच पाइप कॉर्नरच्या झेंड्याजवळ ठोकला, जिथे फारसे कोणी धावत नाही. ती कांडी हातात घेताच भुसभुशीत फुटली, आणि तिच्या खालच्या टोकातून पांढरी, बारीक मुळे लोंबत होती. एकच मैदान, एकच माती, एकच गवत, एकच पाणी. फरक होता तो फक्त दोन दिवसांच्या बुटांचा.

हे असे का होते, ते समजून घेण्यासाठी पायाखालच्या मातीकडे पाहावे लागते. पुण्यातल्या बहुतेक जुन्या मैदानांवर खाली मुरूम आणि वर काळी माती असते. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी प्यायले की फुगतात आणि वाळले की आक्रसतात. म्हणूनच मे महिन्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच भेगा मिटून पाणी मुरेनासे होते. कोरड्या अवस्थेत ही माती खेळाडूचे वजन बऱ्यापैकी सोसते. ओली झाली की मात्र कणांमधले पाणी वंगणासारखे काम करते, कण एकमेकांवर घसरतात, आणि ज्या मोठ्या पोकळ्यांतून हवा खेळते व पाणी निचरते, त्या बुटाच्या दाबाखाली चेपून जातात. मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो, ती वरच्या वर राहतात, आणि अशा उथळ मुळांचे गवत मार्च उजाडताच रोज पाणी मागू लागते. उन्हाळ्यात टँकरवर होणारा खर्च, तो खर्च करूनही पिवळी पडणारी हिरवळ आणि मुलांचे सोलवटलेले कोपर, या सगळ्याचे मूळ बऱ्याचदा आदल्या जुलैत असते.

आता गवताविषयी. आपल्या मैदानांसाठी हरळीसारखे दुसरे गवत नाही. आपण गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच, आणि शेतातून खणून काढताना पिढ्यान्पिढ्या कुणब्याची कंबर मोडली तीही हीच. शेतकऱ्याला नकोसा वाटणारा तिचा चिवटपणाच मैदानाला हवा असतो. ती जमिनीवरून धावणाऱ्या फुटव्यांनी आणि जमिनीखालच्या खोडांनीही पसरते, त्यामुळे टॅकलने उखडलेली जागा ती स्वतः भरून काढते. मात्र त्यासाठी तिला ऊब, किमान सहा तासांचे थेट ऊन आणि वेळ लागतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांवर उतरते, तेव्हा तिची वाढ जवळजवळ थांबते. त्या दिवसांत पडलेली जखम फेब्रुवारीअखेरपर्यंत तशीच राहते. म्हणजे तिला भरून येण्यासाठी वर्षात दोनच चांगल्या संधी असतात: मार्चपासून पावसापर्यंतचा काळ, तोही पाणी असेल तर, आणि दसऱ्याच्या आगेमागे येणारा ऑक्टोबरच्या उन्हाचा दीड महिना. हा दीड महिना माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे, कारण जमिनीत ओल असते, ऊन असते आणि आभाळ उघडलेले असते. नेमक्या त्याच काळात मैदाने दांडियाला, प्रदर्शनांना आणि वाहनतळासाठी भाड्याने दिली जातात, याचे मला फार वाईट वाटते. मंडपाच्या खांबांचे खड्डे बुजवता येतात. पण फळ्यांखाली आठ दिवस गुदमरलेली हरळी थंडीपूर्वी सावरत नाही.

चेपलेल्या जमिनीवर उपाय आहे, पण तो कष्टाचा आहे. पोकळ दात असलेले यंत्र भाड्याने मिळाले तर उत्तम. नाहीतर बागकामाचा फोर्क घेऊन, चार-पाच माणसांनी एका ओळीत मागे सरकत, दर दहा सेंटिमीटरवर भोके पाडावी लागतात. माती ओलसर हवी, पण बोटांना चिकटणारी नको. भोके पाडल्यावर वर वाळूचा पातळ हात द्यायचा. इथे अनेक ठिकाणी मोठी चूक होते. एकदाच दोन इंच वाळू ओतली की काम झाले असे समजतात, आणि ती वाळू खालच्या चिकणमातीत अर्धवट मिसळून जमीन आधीपेक्षाही कडक होते. एका वेळी तीन मिलिमीटरपेक्षा जास्त वाळू देऊ नये आणि ती दरवर्षी न चुकता द्यावी. १०५ बाय ६८ मीटरच्या पूर्ण मैदानाला तीन मिलिमीटर वाळू म्हणजे साधारण साडेसात ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) होते. सगळीकडे देणे परवडत नसेल तर दोन्ही गोलांपुढे आणि मध्यवर्तुळात तरी द्यावी. क्रश सँड वापरायची झाल्यास ती धुतलेलीच घ्यावी, कारण तिच्यातली दगडाची भुकटी भोके पुन्हा बुजवून टाकते.

पाण्याचा हिशोब प्रत्येक क्लबने एकदा कागदावर मांडावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. पूर्ण मैदान ७,१४० चौरस मीटरचे. उन्हाळ्यात आठवड्याला पंचवीस मिलिमीटर द्यायचे म्हटले तर १,७८,५०० लिटर लागतात, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ अठरा टँकर. ज्या शहरात खडकवासल्याचा साठा उतरला की नळाला पाणीकपात सुरू होते, तिथे हे पाणी पिण्याच्या पाण्यातून घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. विहिरीचे किंवा सांडपाणी प्रकल्पातले प्रक्रिया केलेले पाणी वापरावे, आणि त्यातले क्षार वर्षातून एकदा तपासून घ्यावेत. रोज थोडे शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी खोलवर मुरेल असे पाणी पहाटे द्यावे, म्हणजे मुळे पाण्याच्या शोधात खाली जातात. पाणी कधी द्यायचे, हे गवतच सांगते. संध्याकाळी हिरवळीवरून चालत जावे आणि मागे वळून पाहावे. पावलांचे ठसे उमटलेलेच राहिले असतील तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी द्यावे.

कापणीबद्दल थोडक्यात. पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एका वेळी कापू नये. फुटबॉलसाठी हरळी तीन सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी, आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल तसे आठवड्यातून दोनदा कापावे. महिनाभर वाढू देऊन मग ब्रश कटरने एकदम खरवडले की खालची तपकिरी खोडे उघडी पडतात आणि मुळांची वाढ थांबते. असे मैदान दुरून भाताच्या कापलेल्या खाचरासारखे दिसते.

पिवळेपणाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात आम्ही दोन हंगाम चुकलो. गवत पिवळे पडले की हात आपोआप युरियाच्या गोणीकडे जातो. आमचेही तसेच झाले, आणि गवत लुसलुशीत वाढले पण पिवळे ते पिवळेच राहिले. शेवटी माती तपासून घेतली, तेव्हा सामू (मातीचा pH) आठच्या वर निघाला. अशा चुनखडीयुक्त मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, ही त्याची खूण. हिराकसाचे (फेरस सल्फेटचे) सौम्य द्रावण सकाळी फवारल्यावर आठवड्याभरात रंग पालटला. शेतात हिराकस वापरणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याने हे आम्हाला फुकट सांगितले असते. त्यानंतर आम्ही रेषा आखण्यासाठी चुन्याची फक्की वापरणेही बंद केले. चुन्याने मातीचा सामू आणखी वाढतो, रेषेवरचे गवत जळते, आणि घसरलेल्या मुलाच्या डोळ्यात तो गेला तर इजा होते. पाण्यात कालवलेला पांढरा रंग थोडा महाग पडतो, पण तोच वापरावा.

इतके सगळे केले तरी मैदानाला विश्रांती नसेल तर ते व्यर्थ जाते. आमच्या अनुभवात काळ्या मातीवरची हरळी आठवड्याला आठ-दहा तासांचा खेळ सोसते. त्यापुढे प्रत्येक तासाची किंमत गवत मोजते. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात २०१४ पासून काही हंगाम इंडियन सुपर लीगचे सामने झाले, ते पाहून आमच्याकडचे पालक विचारत असत की आपले मैदान तसे का दिसत नाही. त्याचे एक कारण साधे आहे: तसल्या मैदानावर सामना अधूनमधून होतो, आणि आमच्याकडे सकाळी शाळा, दुपारी क्रिकेट आणि संध्याकाळी तीन अकादम्या असतात. सराव गोलांपुढे न घेता बाजूच्या पट्ट्यात घेणे आणि सरकते गोल दर पंधरवड्याला हलवणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

गेल्या वर्षी आम्ही विश्वस्तांशी चार बैठका करून मैदान भाड्याने देण्याच्या करारात एक कलम घालून घेतले. पावसाळ्यात रोज सकाळी सहा वाजता मामा गोलांपुढची, दोन इंच खालची चिमूटभर माती घेतात आणि दिव्यासाठी वात वळावी तशी ती तळहातावर वळतात. काडेपेटीच्या काडीएवढी बारीक वात न तुटता वळली गेली तर त्या दिवशी खेळ नाही. तुटून भुगा झाली तर मैदान खुले. निर्णय त्यांचा, आणि त्यावर अपील नाही. रद्द झालेल्या दिवसाचे भाडे पुढे वळते केले जाते. पहिल्या महिन्यात बरीच कुरबुर झाली, एक अकादमी सोडूनही गेली. जून ते सप्टेंबर एकूण तेवीस दिवस मैदान बंद राहिले. दिवाळीनंतर त्याच गोलपोस्टपुढे, त्याच पाइपने कांडी काढली, तेव्हा मुळे सात सेंटिमीटर खोल गेली होती आणि मातीला ओल्या मातीचाच वास होता.

यंदाचा पाऊस आठ-दहा दिवसांवर आहे आणि अनेक क्लबांचे करार याच आठवड्यात होतील. ज्यांना हे कलम आपल्याकडे घालायचे आहे त्यांनी मला इथे लिहावे, मी मजकूर पाठवतो. आपल्या माळ्यालाही सोबत घेऊन सकाळी सहाला मैदानावर या. वात कशी वळायची ते मामा त्यांना दाखवतील.