किल्ल्यासाठी एक ट्रॉली माती

दिवाळी जवळ आली की बेळगावात किल्ले बांधणाऱ्यांपेक्षा किल्ल्यांविषयी बोलणाऱ्यांची संख्या वाढते, आणि त्या बोलण्यात एक तक्रार ठरलेली असते: हल्लीची मुले मोबाइलमधून डोके वर काढत नाहीत, म्हणून गल्लीतले किल्ले कमी झाले. मला हे निदान पटत नाही. मुलांना किल्ला हवा आहे; त्यांच्याकडे जागा नाही आणि माती नाही. या दोन्ही गोष्टी मोठ्या माणसांच्या ताब्यात आहेत, आणि मोठी माणसे त्या देण्याऐवजी मुलांना करंडक देऊन मोकळी होतात. यंदा याविषयी जरा सविस्तर लिहावे असे वाटले.

मी शहापूरचा. संस्थानी काळात सांगलीकरांच्या अमलाखाली असलेला हा भाग आता शहरात पूर्ण मिसळून गेला असला, तरी इथल्या गल्ल्यांचा स्वभाव अजून थोडा निराळा आहे. शेजारी वडगाव, पलीकडे खासबाग. कित्येक घरांत माग. एका भिंतीपलीकडे मराठी आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे कन्नड. पूर्वी घराला पुढे कट्टा आणि मागे परसू असायचे. किल्ला कट्ट्यालगत उभा राहायचा आणि त्याची माती परसातून यायची. विहिरीजवळची चिकट माती तटबुरुजांना आणि वरची भुसभुशीत माती डोंगराला, हे कोणी शिकवावे लागत नसे. पुढे परसात आधी न्हाणीघर आले, मग भाड्याच्या दोन खोल्या आल्या, आणि शेवटी वाडाच पाडून तीन मजली इमारत झाली, जिच्या तळाशी गाड्या उभ्या राहतात. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीसाठी निवडलेल्या पहिल्या २० शहरांत बेळगावचे नाव आले आणि त्यानंतर शहरातले अनेक रस्ते काँक्रीटचे झाले, कडेला पेव्हर बसले. पावसाळ्यात गुडघाभर चिखल तुडवत शाळेत गेलेल्या माझ्यासारख्या माणसाने त्याबद्दल कुरकुर करू नये, आणि मी करतही नाही. पण परिणाम असा झाला आहे की गल्लीत कोणाची परवानगी न घेता मूठभर माती उचलता येईल अशी एकही जागा उरलेली नाही.

म्हणून माती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने विकत आणावी लागते, आणि ट्रॉली म्हटली की किल्ल्याचे राजकारण सुरू होते. ती उतरवायची कुठे, यावर पंच मंडळींची बैठक होते. कोणाचे तरी दार अडणार, कोणाची तरी मोटार आठ दिवस दुसरीकडे लावावी लागणार, नळाचे पाणी कोणाच्या घरातून घ्यायचे आणि रात्रीच्या दिव्याची वायर कोणाच्या मीटरवरून ओढायची हे ठरवावे लागणार. वरवर पाहता ही कटकट आहे. माझ्या मते मात्र किल्ल्यातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, कारण वर्षभर एकमेकांशी नळाच्या वेळेपलीकडे न बोलणारी माणसे या चार-सहा दिवसांत एकमेकांच्या दारात उभी राहतात. ज्या इमारतींत सोसायटीच्या नियमावलीत 'खालच्या जागेत माती, वाळू टाकण्यास मनाई' असे लिहून ठेवलेले असते, तिथे हे बोलणे होत नाही, आणि तिथली मुले बाजारातून प्लॅस्टरचा तयार किल्ला आणून बाल्कनीत ठेवतात. त्या मुलांना हसण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, जी कोल्हापूर-पुण्याच्या लोकांच्या चटकन लक्षात येत नाही. महाराष्ट्रात शाळेची मोठी सुटी दिवाळीला असते. कर्नाटकात ती दसऱ्याला असते आणि दिवाळीला जेमतेम सणाचे दिवस मिळतात. त्यामुळे बेळगावचा किल्ला हा शाळेतून आल्यानंतरचा, दप्तर कट्ट्यावर टाकून केलेला, संध्याकाळचा किल्ला असतो. त्यातच परतीचा पाऊस. दिवसभराच्या उन्हाने सुकलेला तट रात्रीच्या एका सरीत बसतो, आणि मग घरोघरच्या ताडपत्र्या बाहेर निघतात. हे सारे सांभाळून मुले किल्ला करतात, तेव्हा त्यांना मोबाइलचे व्यसन लागल्याचे भाषण ऐकवणे मला अन्यायाचे वाटते.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत रायगड झाला. आधी दगड आणि फुटक्या विटा रचून डोंगराचा सांगाडा उभा केला. मग गोणपाटे पातळ चिखलाच्या घमेल्यात बुडवून, पिळून, त्या सांगाड्यावर अशी अंथरली की त्यांच्या चुण्यांतून कडे आणि घळी आपोआप दिसू लागल्या. ही चुणी पाडण्याची हातोटी सगळ्यांना साधत नाही. सातवीतला एक मुलगा ते काम इतक्या सफाईने करीत होता की थोरली पोरे त्याला दुसऱ्या कशाला हात लावू देत नव्हती. तटबंदी भिजवलेल्या मातीच्या लांब वळकटीची. ती थोडी आवळली की तुटक्या हॅक्सॉ पात्याने चर्या, म्हणजे तटावरचे कंगोरे, कापायच्या आणि पेन्सिलीच्या टोकाने जंग्या, म्हणजे मारा करायची भोके, पाडायच्या. पायऱ्या चमच्याच्या मागच्या बाजूने. तोफांसाठी शेजारच्या मागवाल्या घरातून सुताच्या रिकाम्या कांड्या आल्या, ज्यांना काळा रंग दिला की लांबून फरक कळत नाही. उतारावर हळीव आणि मोहरी पेरली. मी कौतुकाने जवळ गेलो तर एक चिमुरडी ओरडली, "काका, तिथं पाय ठेवू नका, बुरूज ओला हाय की!" पूर्वी मुलींच्या वाट्याला किल्ल्याभोवतीची रांगोळी येत असे, आता बुरूज त्यांच्या ताब्यात आहेत.

महादरवाजावर मोठा वाद झाला. धाकट्यांनी सरळ भिंतीत एक कमान कोरून दरवाजा मोकळा केला होता. रायगडावर जाऊन आलेल्या एका कॉलेजच्या मुलाने तो भाग सरळ मोडायला लावला, कारण तिथे दोन भक्कम बुरूज असे पुढे आले आहेत की वळण घेऊन अगदी समोर येईपर्यंत दरवाजा दिसतच नाही. असे का, याचे उत्तर त्याने तोंडाने दिले नाही. पोरांच्या हातात एक खेळण्यातला हत्ती देऊन 'आता धडक मारून दाखव' म्हणाला. हत्तीला धाव घ्यायला जागाच मिळेना. या अशा दरवाजाला गोमुखी बांधणी म्हणतात, आणि तिच्यावरचा परिच्छेद मी शाळेत पाठ केला होता. या मुलांना तो पाठ करावा लागणार नाही.

जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि १ तामिळनाडूतला जिंजी. त्यानंतर किल्ल्यांविषयीचा अभिमान समाजमाध्यमांवर ओसंडून वाहिला, ते योग्यच झाले. पण राजगडाच्या संजीवनी माचीला दुहेरी तटबंदी का आहे, हे हाताने माती लावून समजून घेणारी दहा वर्षांची मुले आपल्या गल्लीत आहेत, आणि त्यांना ट्रॉली उतरवायला जागा मिळत नाही, याची बोचणी त्या अभिमानात कुठे दिसली नाही. हे शहर चित्रकारांचे म्हणून आपण मिरवतो. के. बी. कुलकर्णी यांच्यासारखा चित्रशिक्षक इथे होऊन गेला, आणि १९३५ मध्ये इथेच जन्मलेल्या रवी परांजपे यांनी त्यांच्या हाताखाली धडे गिरवले. अशा शहरात आकार, उंची, छाया आणि अंतर यांची पहिली ओळख मुलांना जिथे फुकट होते ती शाळा दिवाळीचा किल्ला आहे, असे मी मानतो. ती शाळा चालवायला शिक्षक लागत नाही, माती लागते.

आता स्पर्धांविषयी. स्पर्धांनी काही चांगलेही केले, हे आधी कबूल करतो. स्पर्धेमुळेच मुले नकाशे मिळवू लागली, प्रत्यक्ष गडावर जाऊन दरवाजांची आणि टाक्यांची जागा बघून येऊ लागली, आणि 'कोणताही डोंगर म्हणजे शिवनेरी' हा प्रकार बंद झाला. पण स्पर्धेबरोबर प्रकाशयोजना आली, ध्वनिमुद्रित निवेदन आले, धुराचे यंत्र आले आणि त्या सगळ्यासाठी वर्गणी आली. वर्गणी आली की फलकावर फोटो आले, आणि फोटो कोणाचे हे सांगायची गरज नाही. एका स्पर्धेचे परीक्षक आमच्याकडे रात्री अकरा वाजून गेल्यावर आले. गोणपाटाला चुण्या पाडणारा मुलगा तोवर झोपला होता. निवेदन करणारे तरुण जागे होते, त्यांनी ते उत्तम केले, आणि परीक्षकांनी गुणपत्रकावर खुणा करून, किल्ल्याला पाठ देऊन, मंडळाच्या कार्यकर्त्यांबरोबर फोटो काढून घेतला. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. मला राग बक्षिसाचा नव्हता. त्या गुणपत्रकात 'किती मुलांनी काम केले' असा रकानाच नव्हता, याचा होता. जिथे एका कारागिराला पैसे देऊन फायबरचा किल्ला उभारला आहे आणि जिथे पंधरा पोरांनी हात चिखलात घातले आहेत, त्या दोघांना एकाच मापाने मोजणारी स्पर्धा किल्ल्याची नसते, ती सजावटीची असते.

भाषेचा विषय टाळून बेळगावविषयी लिहिता येत नाही, म्हणून थोडे लिहितो. १ नोव्हेंबर अनेकदा दिवाळीच्या आगेमागेच येतो. त्या दिवशी शहरात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे असतात आणि दुसरीकडे, बेळगाव महाराष्ट्रात यावे म्हणणाऱ्यांची काळ्या दिनाची फेरी. १९५६ पासूनच्या या सीमाप्रश्नावर माझे मत पक्के आहे आणि ते मी कधी लपवलेले नाही. पण तेवढ्याच पक्केपणाने हेही सांगतो की गल्लीतल्या किल्ल्याने कधी कोणाला भाषा विचारलेली नाही. कांड्या देणाऱ्या घरात कन्नड बोलतात. तिथल्या अज्जी संध्याकाळी कट्ट्यावर बसून मुलांना मराठी फौजेशी लढलेल्या बेळवडीच्या राणी मल्लम्माची आणि शिवाजी महाराजांची गोष्ट सांगतात, जी मराठी बखरींत एका तऱ्हेने येते आणि कन्नड कथांत दुसऱ्या तऱ्हेने. मुले दोन्ही ऐकतात आणि आपसांत भांडतात. माहितीचा फलक मराठीत लिहून झाल्यावर त्याच घरातल्या मुलीने खाली चार ओळी कन्नडमध्ये लिहिल्या. त्यासाठी कोणी बैठक घेतली नाही की निवेदन दिले नाही. पाडव्याला शेणाचे पांडव मांडायचे म्हणून दोन्ही घरांतल्या बायका एकाच गोठ्यातून शेण आणतात, तसेच हेही.

आणि म्हणूनच मुलांकडे माझी एक जुनी मागणी आहे, जी ते दर वर्षी हसण्यावारी नेतात. रायगड, राजगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग हे व्हायलाच हवेत. पण येळ्ळूरचा राजहंसगड आपल्याला शहराबाहेर पडले की दिसतो. तो किती गल्ल्यांत झाला? खानापूरच्या रानातला भीमगड, संकेश्वरजवळचा वल्लभगड, चंदगडच्या टोकावरचा पारगड हे सगळे एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहेत, म्हणजे बघून, मोजून, रेखाटून आणण्यासारखे. बेळगावचा स्वतःचा भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवरचा किल्ला, तर घरचाच. रट्ट राजांच्या काळात उभा राहिलेला, आत १२०४ ची कमल बस्ती हे जैन मंदिर असलेला, आणि भोवती खंदक. डोंगर रचण्याची ज्यांना जागा नाही, त्या इमारतींच्या पार्किंगमध्ये भुईकोट सहज मावेल, कारण त्याला उंची लागत नाही. कित्तूरचा किल्लाही करावा. १८२४ मध्ये राणी चन्नम्मा जिथून इंग्रजांशी लढली तो किल्ला आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि तो मराठी गल्लीत उभा राहिला तर शिवाजी महाराजांचा मान उणा होईल असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी वाद घालायची माझी तयारी आहे.

मागणी मोठी नाही. स्पर्धा घेणाऱ्या मंडळांनी बक्षिसाच्या रकमेतून प्रत्येक गल्लीला एक ट्रॉली माती पोहोचती करावी आणि परीक्षण संध्याकाळी सातच्या आत, मुले जागी असताना करावे. सोसायट्यांनी पार्किंगमधली दोन मोटारींची जागा पंधरा दिवस मोकळी ठेवावी. त्या मोटारी कुठे लावायच्या याचे उत्तर गल्लीत विचारल्यावर मिळते, हा आमचा अनुभव आहे. नगरसेवकांनी फलक लावण्याऐवजी प्रभागातल्या एखाद्या मोकळ्या भूखंडाचा कोपरा किल्ल्यासाठी आखून द्यावा. शाळांनी त्या आठवड्यात गृहपाठ थोडा कमी दिला तर उत्तमच.

आमच्या गल्लीपुरते ठरले आहे. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी ट्रॉली येईल आणि देवळाच्या बाजूच्या भिंतीलगत उतरेल. त्या दिवशी तिथे गाडी लावू नये. किल्ला कोणता, हे मुले ठरवतील आणि मी मत देणार नाही, असे त्यांनी माझ्याकडून वदवून घेतले आहे. तुळशीच्या लग्नानंतर किल्ला उतरवला की माती कुंड्यांसाठी ज्याला हवी त्याने न्यावी, पिशवी घरून आणावी. गोणपाटांत भरून नेणाऱ्यांनी ती धुऊन परत करावीत, गेल्या वर्षीची सहा अजून आलेली नाहीत.