काळ्यांना प्रकाश, पांढऱ्यांना सुई

सोलापुरात बाईच्या हनुवटीला उन्हाचा फार मोठा आधार आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून बसला, की सात रस्त्यापासून नव्या पेठेपर्यंत स्कूटीवरची प्रत्येक बाई कपाळापासून गळ्यापर्यंत स्कार्फमध्ये गुंडाळलेली असते. वर गॉगल. सख्खी नणंद सिग्नलला शेजारी येऊन थांबली तरी ओळखू येत नाही. (ही सोय वेगळीच.) अशा गावात हनुवटीवर चार केस उगवले तर कुणाला पत्ता लागणार? पण पुतणीचं लग्न ठरलंय, तेही ऐन मे महिन्यात. लग्नात शालूवर स्कार्फ चालत नाही. आणि हल्लीचे व्हिडिओवाले इतक्या जवळून शूटिंग करतात, की चार केसांचेही क्लोजअप निघतील.

इतकी वर्षं पार्लरमधल्या दोऱ्यावर निभावलं. भुवया, अपरलिप आणि शेवटी "चिनपण करू का काकू?" ती 'करू का' हळूच विचारायची, मी 'कर' त्याहून हळू म्हणायचे. पण पाळीने निरोपाची भाषा सुरू केली आणि केसांनी अंग धरलं. एके दिवशी ती पोरगी दोरा तोंडातून काढून म्हणाली, "आता किती ओढायचं ओ काकू? दोराच तुटायलाय. लेझर करा की."

लेझरच्या पाट्या गावात पावलोपावली आहेत. सगळ्यांवर एकच गुळगुळीत मुलगी आणि 'केसांपासून कायमची सुटका'. मी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी रक्त तपासायला लावलं. थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन, सगळं नॉर्मल निघालं. "वय," त्या म्हणाल्या. "बायकी हार्मोन कमी होतात, पुरुषी असतात तेवढेच राहतात. मग त्यांचं चालतं." हे ऐकून मला जरा घरच्यासारखंच वाटलं.

मग त्यांनी कायमच्या सुटकेचा भाव खाली आणला. अमेरिकेचं औषध प्रशासन लेझरवाल्यांना फार तर 'कायमची घट' म्हणू देतं. 'कायमचं निर्मूलन' म्हणायची परवानगी फक्त इलेक्ट्रोलिसिसला, म्हणजे केसाच्या मुळाशी करंट सोडणाऱ्या सुईला. लेझरचा प्रकाश केसातला काळा रंग शोधतो, त्याची उष्णता होते आणि मूळ भाजतं. रंगावर नेम धरायची ही युक्ती अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकन डॉक्टरांनी 1983 मध्ये मांडली. प्रकाशाला रंग तेवढा कळतो, तो केसात आहे की कातडीत हे कळत नाही. त्यामुळे आपल्यासारख्या सावळ्या कातडीला 1064 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचं मशीन बरं. ते खोल जातं आणि वरच्या कातडीला कमी भाजतं. शिवाय एका वेळी सगळे केस वाढीला लागलेले नसतात, काही झोपलेले असतात, आणि झोपलेल्यावर लेझरचा परिणाम होत नाही. म्हणून चार-सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ वेळा यायचं. हे मला लगेच पटलं. आमच्याकडे नळाचं पाणीही असंच आहे, पाळी नसलेल्या दिवशी तोटी कितीही पिळा, हवाच येते.

"आणि कधीकधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चेहऱ्यावर लेझरने केस कमी व्हायच्या ऐवजी आजूबाजूला वाढतातसुद्धा."

"पैसे घेऊन?"

"पैसे घेऊनच."

मग त्यांनी भिंग लावून हनुवटी पाहिली आणि खरा बाँब टाकला. "तुमचे अर्धे पांढरे आहेत. पांढऱ्यात रंगच नाही. लेझरला ते दिसणारच नाहीत. त्यांना सुईच."

घरी ही बातमी दोघांनाच सांगायची ठरवली होती. पण आमचे हे वीज खात्यात. 'इलेक्ट्रोलिसिस' म्हटल्याबरोबर ह्यांनी पेपर खाली ठेवला. माझ्या कुठल्याही दुखण्याबद्दल ह्यांना इतकी आस्था मी लग्नापासून पाहिली नव्हती. "डीसी का एसी?" दोन्ही, मी म्हटलं. जुन्या पद्धतीत डीसी, नव्या थर्मोलिसिसमध्ये हाय फ्रिक्वेन्सीचा एसी, आणि दोन्ही एकत्र केलं की ब्लेंड. "करंट किती?" मिलिअँपिअरमध्ये. ह्यांचा चेहरा पडला. "अगं, एवढ्यात बल्बसुद्धा लागायचा नाही." रात्री अंथरुणात मोबाइलवर वाचून दाखवणं चालूच. सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी 1875 मध्ये डोळ्यात टोचणारी उलटी पापणी अशा सुईने कायमची घालवल्याचं जाहीर केलं, तिथून सगळं सुरू झालं. "म्हणजे एडिसनच्या बल्बच्या आधी!" हे म्हणाले. मी दिवा मालवला.

बाबांना मीच सांगितलं, आणि तिथे वेगळंच निघालं. बाबांची सगळी हयात सूत रंगवण्याच्या कारखान्यात गेली. डीसी करंटने केसाच्या मुळाशी काय होतं, तर तिथल्या खारट ओलाव्याचं कॉस्टिक बनतं आणि ते मूळ जाळतं. 'कॉस्टिक' ऐकताच बाबा ताठ झाले. "व्हॅट रंगाला आम्ही वापरायचो ते?" हो, तेच. थेंबभराहून कितीतरी कमी. बाबांनी मनगटावरचा जुना डाग दाखवला. "हा थेंबच होता." मग बराच वेळ ते माझ्या हनुवटीकडे, लडीला रंग नीट बसलाय का हे पाहावं तसे पाहत राहिले.

वन्संना कुणीच सांगितलं नव्हतं. तरी त्यांचा फोन आला. मसुराच्या डाळीचं पीठ, हळद आणि दुधाची साय, चोळून चोळून काढायचं. "आमच्या घराण्यात कुणाला नव्हतं हो असलं." सासूबाईंना मात्र यातलं काहीही कळू द्यायचं नाही, असं ठरलं. वन्संचा फोन त्यांच्याच फोनवर आला होता, पण त्यांना कमी ऐकू येतं.

तर लेझर की सुई, हा प्रश्न माझ्यासाठी केसांनीच सोडवला होता. दोन्ही. सोडवला म्हणजे काय, तर खरा छळ इथून सुरू झाला. लेझरला जाताना केस उपटलेले चालत नाहीत, दोरा नाही, वॅक्स नाही, कारण मूळच नसेल तर प्रकाश भाजणार काय? फक्त वरून दाढी करून जायचं. होय, दाढी. (दाढीने केस दाट होतात ही समजूत खोटी आहे. टोक बोथट कापलं जातं म्हणून हाताला राठ लागतात, एवढंच. हे मी अर्थातच कुणालाही समजावून सांगू शकत नाही.) सुईचं बरोबर उलटं. केस चिमट्यात धरता येईल इतका वाढलेला हवा.

म्हणजे एकाच हनुवटीवर काळ्यांची दाढी करायची आणि पांढरे वाढवायचे.

बाथरूमचं दार लावून, चष्मा चढवून, मोठं दिसणारा आरसा नळावर टेकवून मी मुलाच्या रेझरने काळे निवडून कापते. एक पांढरा कापला गेला की सुईवाल्या बाईंची पुढची तारीख फुकट. परवा मुलगा बाहेरून ओरडला, "आई, माझा रेझर कुणी घेतला?" ह्यांनी शांतपणे "मी" म्हणून सांगितलं. ह्यांना दाढी आहे. पूर्ण, छातीपर्यंत. मुलगा अजून विचारात आहे.

लेझर पटकन उरकतं. गार जेल, डोळ्यांवर पट्टी, टिकटिक चटके आणि खोलीभर जळक्या केसाचा वास. सुईचं तसं नाही. लेझरवाले गल्लोगल्ली, पण सुई धरणारी बाई गावात शोधायला ओळखी काढाव्या लागल्या. शेवटी अशोक चौकाकडे एक मिळाल्या. भिंगाचा दिवा तोंडावर ओढतात, एकेका मुळात बारीक सुई घालतात, करंट सोडतात, मग चिमट्याने केस अलगद उचलतात. एक झाला, की दुसरा. माणूस भारी प्रेमळ, त्यामुळे प्रत्येक केसामागे एक प्रश्न. "मुलगा काय करतोय? पुण्यालाच का? स्थळं बघायला सुरुवात केली का?" आणि आधीच बजावलेलं असतं की हनुवटी अजिबात हलवायची नाही. आतापर्यंत त्यांच्या मते माझा मुलगा बेकार आहे, पुण्याला नाही आणि लग्नाला तयार नाही. यातलं काहीही खोडून काढायला मला तोंड उघडता आलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी हे सगळं थंडीत सुरू करायला लावलं ते उन्हामुळे. लेझरच्या आधी आणि नंतर ऊन टाळायचं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याला भर दुपारी मी एकटीच तोंडाला स्कार्फ बांधून उभी होते. शेजारच्या काकूंनी ओळख दिली नाही.

तारखांचा घोळ होऊ नये म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या आकड्यांशेजारी, मी फक्त 'काळे' आणि 'पांढरे' एवढंच लिहून ठेवलं होतं. संक्रांतीच्या आठवड्यात सासूबाईंनी ते वाचलं आणि नातवाला बाजारात पाठवलं. अर्धा किलो काळे तीळ, किलोभर पांढरे. लाडू सुरेख झाले. पण सासूबाईंनी परवा पान उलटून पुढचे महिनेही पाहिले.

"फेब्रुवारीतही पांढरे लिहिलेत गं?"

"रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतंच ना."

"आणि मार्चात?"

मार्चातलं उत्तर मी अजून शोधते आहे.