थांबायचं नाही, विचारायचं मात्र नक्की

डिसेंबर लागला की रेवस ते रेड्डीच्या सागरी मार्गावर सायकलनं मुंबई-गोवा करणाऱ्यांची रीघ लागते आणि अधूनमधून एखादी सायकल उलटी घातलेली दिसते. चाकं आभाळाकडे, मालक जांभ्याच्या गडग्यावर कपाळाला हात लावून. अशा वेळी आपण माणुसकीनं वागायलाच हवं. त्यासाठी थांबायलाच पाहिजे असं मात्र काही नाही.

लांबूनच हाक द्यायची, "सगळं ओके ना?" उतार असेल तर फारच छान; त्याचं उत्तर येईपर्यंत आपण पुढच्या वाडीत. "काही हवंय का?" असं चुकूनही विचारू नका. त्याला खरंच काहीतरी हवं असतं. जाता जाता अंगठा दाखवला की कर्तव्य संपलं, आणि स्ट्राव्हा ॲपवरची वेगाची सरासरीही शाबूत.

चढावर जरा पंचाईत होते. आरे-वारेचा चढ चढताना आपला वेग असा असतो की नजरानजर टळत नाही. थांबावंच लागलं तर एक पाय पेडलवर ठेवून थांबा. त्यानं ट्यूब मागितली तर चेहरा पाडून म्हणा, "माझी २९ची आहे हो, तुमची ७००." २९ इंची आणि ७००सी रिमचा व्यास एकच, ६२२ मिलिमीटर, हे त्याला ठाऊक नसलं तर सुटलात. ठाऊक असेल तर दाभोळ-धोपावे फेरी चुकेल म्हणून सांगा. तो जेट्टी कुठे राहिली याचा हिशेब करेपर्यंत निघायचं.

सल्ला मात्र सढळ हातानं द्या. "ट्यूबलेस का नाही केलंत?" या प्रश्नानं पंक्चरवाल्याला केवढा धीर येतो! सोल्युशन लावल्यावर ते चार-पाच मिनिटं सुकू द्यायचं असतं. तुम्ही "चिकटवा की आता" म्हणत मागे लागा. टायरच्या आतून बोट फिरवायची आठवण तर मुळीच करू नका. करवंदीचा काटा आतच राहिला की पुढच्या वळणावर दुसऱ्या कुणाला तरी सेवेची संधी मिळते. मग त्याच्यासोबत एक सेल्फी. ग्रुपवर टाकायला लागतो.

काही माणसं मात्र ही सगळी शिस्त बिघडवतात. मागच्या हिवाळ्यात मिठबाव सोडून आचऱ्याकडे निघालो आणि माझंच मागचं चाक बसलं. झगझगीत जर्सीतले चौघे गेले, चार अंगठे मिळाले. पाचवा आला तो काळ्या दांड्याच्या सायकलवर, कॅरिअरला मासळीचा टब. पायडल मारायचं थांबवून सरळ खालीच उतरला.

"पंचर?"

भोक शोधायला मी ट्यूबमध्ये हवा भरत होतो. पंप मारून मारून घामाघूम, ट्यूब ढिम्म. त्यानं तो लांबुडका वॉल्व न्याहाळला. "हेका काय म्हणतत?" म्हटलं, प्रेस्टा. त्यानं टोकावरचा इवलासा नट नखानं सैल केला. हवा आत गेली. चौदा हजारांचं हेल्मेट घातलेल्या माणसानं अशा वेळी समुद्राकडे बघावं.

बांगडे एका कडेला सारून त्यानं टबातल्या बर्फाच्या पाण्यात ट्यूब बुडवली. बुडबुडेही आधी त्यालाच दिसले. मी पॅच उचलला तसा माझा हात धरला, "वायच रवा," आणि सोल्युशन सुकेपर्यंत बिडी ओढत बसला. बर्फ वितळत होता तो त्याचा.

पैसे काढले तर वैतागला. मग म्हणाला, "बांगडे होये काय?"

नाही कसं म्हणणार? डझनभर घेतले. पिशवीला गाठ मारून जर्सीच्या मागच्या खिशात कोंबले आणि निघालो. आचऱ्याच्या अलीकडे त्या चौघांतला एक सायकल उलटी घालून बसलेला. मला बघून उठून उभा राहिला.

मी लांबूनच अंगठा दाखवला. बांगडे खराब होत होते.